बोलायला लावलेलं खोटं

दशलक्षण पर्वात उत्तम सत्याचा दिवस आला की प्रवचनाचा सगळा भार बोलणाऱ्यावर येतो. खरं बोला, मोजकं बोला, हिताचं बोला. ऐकणाऱ्याबद्दल फारसं कोणी काही सांगत नाही. पण समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सत्याणुव्रताची जी व्याख्या केली आहे, तिच्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. श्रावकाने स्वतः स्थूल खोटं बोलायचं नाही, आणि दुसऱ्याला बोलायला लावायचं नाही. पहिली गोष्ट आपण लेकरांना शिकवतो. दुसरीकडे आपलं लक्ष जात नाही, कारण ‘खोटं बोल’ असं तोंडाने आपण कोणालाच सांगत नसतो. ते न सांगताच होतं.

आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल दुकानावर चालते. कापड, भुसार, भांडी, औषधं. हल्ली सुना-लेकीही काउंटरला बसतात, म्हणून हा विषय पुरुषांच्या बैठकीत न ठेवता आपण बायकांनी बोलायला घ्यावा असं मला वाटतं.

ओळखीतली एक मुलगी बेळगावातल्या एका कापडदुकानात साड्या दाखवायच्या कामाला होती. तिथला नियम असा, की ज्याच्या हातात माल खराब निघेल त्याच्या पगारातून कापायचं. ठरवलं असेल मुली माल जपून हाताळाव्यात म्हणून. झालं काय, घडी उलगडताना पदराजवळ सूत तुटलेलं दिसलं की मुलगी काही न बोलता घडी पुन्हा तशीच घालायची आणि साडी गठ्ठ्याच्या खाली सरकवायची. कोणीतरी ती घाईत विकत घेणारच. ‘अण्णांना सांगून काय मिळणार मावशी, सांगणारीच चोर ठरते,’ असं ती मला म्हणाली होती. ते मालक रोज अभिषेक करणारे, सूर्यास्ताआधी जेवणारे, गजाने मोजताना बोटभर कमी न देणारे. त्यांना कोणी विचारलं तर दुकानात खोटं चालत नाही असंच ते सांगतील, आणि ते मनापासून सांगतील. पण ती साडी कुणाच्या तरी ओटीत गेली असेल. त्या खोट्याचा धनी कोण? मी मुलीवर सगळा दोष टाकायला तयार नाही.

दुसरं उदाहरण तर प्रत्येकीच्या घरचं आहे. पाण्याचं मशीन नाहीतर वॉशिंग मशीन दुरुस्त करायला कंपनीचा मुलगा येतो. काम धड होवो न होवो, जाताना म्हणतो, ‘ताई, फोन आला तर पाच स्टार द्या हं, नाहीतर माझे पैसे कापतात.’ आपल्याला त्याची दया येते. खरं बोलून कोणावर संकट येणार असेल तर तसं खरंही बोलू नये, हेही त्याच व्याख्येत आहे. बहुतेक जणी पाच दाबतात, आणि मला त्यात नवल वाटत नाही. पण वर कंपनीच्या कचेरीत बसलेल्या साहेबांना काय दिसतं? सगळीकडे पाच, सगळे खूश. मशीनमधली कुठली वस्तू पुन्हा पुन्हा बिघडते, हे त्या मुलाला माहीत असतं, आपल्याला माहीत असतं, फक्त ज्याने ती बदलायची त्यालाच कळत नाही. भीती घालून त्यांनी स्वतःचेच कान बंद करून घेतलेले असतात.

हे वाढत गेलं की कुठवर जातं, ते अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत दिसलं. एका घरात बँकेच्या आठ तरी योजना खपवायच्या असं तिथलं लक्ष्य होतं. काउंटरवरच्या लोकांनी शेवटी ग्राहकांना न विचारताच त्यांच्या नावाने खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला. अशी खाती वीस लाखांच्या आसपास असावीत असं तेव्हा सांगितलं गेलं, आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचं बाहेर आलं. तक्रारीसाठी बँकेने स्वतंत्र फोन ठेवलेला होता. त्यावर बोललो आणि नोकरी गेली, असं सांगणारे कर्मचारीही पुढे आले. काढलेले बहुतेक खालचे. बोलायला लावणारे बरेच वर होते, आणि त्यातल्या कोणी ‘खोटी खाती उघडा’ असं लिहून दिलं नसेल. आकडा तेवढा मागितला.

उलट बाजूही कोणी तपासली आहे. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी इस्पितळांत औषध देताना होणाऱ्या चुका मोजल्या. जिथे एकमेकांशी चांगलं जमतं त्या गटांत चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं. नोंदी पाहिल्या तर तिथेच चुका जास्त! मग लक्षात आलं, की तिथल्या परिचारिका चूक झाली की सांगत होत्या. बाकीच्या ठिकाणी ती झाकली जात होती. चुकलं हे न घाबरता सांगता येणं, याला त्यांनी पुढे १९९९ मधल्या लेखात मानसिक सुरक्षितता असं नाव दिलं. आता मोठ्या कंपन्यांत त्याची शिबिरं भरतात म्हणे.

आपल्याकडे हा विचार नवा नाही, फक्त तो आपण मुनींपुरता ठेवला. भगवती आराधनेत, ज्या आचार्यांसमोर आलोचना करायची, म्हणजे आपला दोष उघड सांगायचा, त्यांच्या अंगी काय गुण हवेत ते सांगितलं आहे. त्यात एक गुण ‘अपरिस्रावी’. तापलेल्या लोखंडाने प्यालेलं पाणी जसं परत बाहेर येत नाही, तसा ऐकलेला दोष त्यांच्या तोंडून बाहेर पडायचा नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. दोष सांगणाऱ्याला धीर धर म्हणण्याआधी ऐकणाऱ्याची परीक्षा घेतली आहे. आपल्या दुकानांत मात्र सकाळी मुलीने कानात सांगितलेली चूक दुपारी चहाबरोबर सगळ्यांना वाटली जाते, वर हसूनसुद्धा.

‘इतकी मोकळीक दिली तर नोकर डोक्यावर बसतील’ हे मी अनेक सासऱ्यांच्या तोंडून ऐकलंय. सासवांच्याही. त्यांनी उपगूहन अंगाची, जिनेंद्रभक्त शेठजींची कथा आठवावी. क्षुल्लकाचा वेष घेऊन आलेल्या चोराला लोकांनी रत्नासकट पकडलं, तेव्हा शेठजी म्हणाले, ते मीच आणायला सांगितलं होतं. चारचौघांत झाकलं. पण एकांतात त्याला खडसावून घालवून दिलं, आणि रत्न काही त्याला नेऊ दिलं नाही. मोकळीक म्हणजे सगळं चालवून घेणं, असा अर्थ त्यातून निघत नाही. एक मात्र खरं, की शेठजींनी धर्माची अब्रू राखायला शब्द फिरवला. दुकानदाराला तशी सवलत घेता येणार नाही. फाटक्या साडीवर पांघरूण घालणं हे उपगूहन नव्हे. तिथे गिऱ्हाइकाला बोलावून पैसे परत द्यावे लागतात, आणि ते मालकाच्या खिशातून जायला हवेत.

करायचं तर काय? दुकान बंद करताना गल्ला मोजतो, तेव्हा जोडीला एवढंच विचारावं: आज कुठलं गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं, आणि कुठला माल खराब निघाला? विचारणाऱ्याने आधी स्वतःचं सांगावं. पहिले आठ-पंधरा दिवस सगळ्या मुली ‘काही नाही अण्णा’ म्हणून चपला घालतील. मग एखादी घाबरत घाबरत एक घडी पुढे करेल. त्या महिन्याच्या पगाराच्या पाकिटात किती रुपये निघतात, याकडे बाकीच्या सगळ्या डोळे लावून असतील.