साक्षीदार खोटा नव्हता

आमच्या कोकणातल्या गावात एका वर्षी दोन ईदी झाल्या. निमित्त झाले माझे चाचा. शाबानच्या २९ तारखेला मगरिबच्या सुमारास ते टेकडीवरून घाईघाईने खाली आले आणि चांद पाहिल्याची त्यांनी शहादत दिली. आम्ही शाफई. रमजानच्या चांदासाठी एका विश्वासू माणसाची साक्ष आमच्याकडे पुरते आणि चाचा तर पाच वक्तांचे नमाजी, देण्याघेण्यात चोख. गावाने त्यांच्या शब्दावर रोजे धरले. तीस रोजे पुरे झाले, आकाश स्वच्छ होते, तरी ईदचा चांद दिसेना. गावात दोन तट पडले. एकाने ईद केली, दुसऱ्याने एकतिसावा रोजा धरला. चाचांच्या बाबतीत मात्र दोन्ही तटांचे एकमत झाले : माणूस खोटा. त्यानंतर ते मशिदीत पहिल्या सफमध्ये कधी उभे राहिले नाहीत. विषय निघाला की एवढेच म्हणत, "मी पाहिले ते पाहिले."

पुढे मी त्या संध्याकाळचे गणित तपासून पाहिले. त्या दिवशी आमच्या किनाऱ्यावर चंद्र सूर्याच्या आधीच मावळला होता. म्हणजे चाचांनी चांद पाहिलाच नव्हता. मग ते खोटे बोलले का? या प्रश्नाशी झगडताना मला एका फार जुन्या साक्षीचा आधार मिळाला.

१८ जून ११७८. इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या मठात गर्व्हेस नावाचा इतिहासकार होता. त्याने नोंद केली आहे की, त्या दिवशी सूर्यास्तानंतर पाच किंवा अधिक माणसे नव्या चांदाकडे पाहत होती. अचानक चंद्रकोरीचे वरचे टोक दुभंगले आणि मधून आग व ठिणग्या उसळल्या. ही माणसे आपल्या म्हणण्यावर शपथ घ्यायला तयार होती.

१९७६ साली जॅक हार्टुंग या शास्त्रज्ञाने या नोंदीचा अर्थ लावला. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला, कडेलगत, जॉर्डानो ब्रुनो नावाचे सुमारे २२ किलोमीटर रुंदीचे विवर आहे. ते फार ताजे दिसते. त्या रात्री चंद्रावर अशनी आदळला, त्यातूनच हे विवर झाले आणि तो आघात त्या माणसांनी डोळ्यांनी पाहिला, असे त्याचे म्हणणे. कल्पना इतकी सुंदर होती की ती अनेकांना पटली.

२००१ साली पॉल विदर्स या संशोधक विद्यार्थ्याने साधाच प्रश्न विचारला : एवढा मोठा आघात झाला असेल, तर उडालेला मलबा गेला कुठे? त्याच्या हिशेबाने सुमारे एक कोटी टन मलबा पृथ्वीच्या वातावरणात शिरला असता. आठवडाभर उल्कांचा असा पाऊस पडला असता की, ऐन भरात तासाला पन्नास हजार उल्का दिसल्या असत्या. आणि अरब, चिनी, जपानी, कोरियन नोंदींत त्याचा मागमूस नाही.

येथे मी थबकलो. हिजरीच्या हिशेबी कालगणनेनुसार ५७४ चा मुहर्रम सुरू होतो तो त्याच संध्याकाळी. मिसरमध्ये सलाहुद्दीनची सत्ता होती, अंदलुसमध्ये इब्ने रुश्द हयात होते. नव्या वर्षाचा चांद पाहण्यासाठी आकाशाकडे डोळे लावायचे ते हेच दिवस. आठवडाभर आकाश पेटले असते, तर ते काय कोणाच्याच नजरेस पडले नसते? न दिसण्याचीही एक साक्ष असते. हनफी फिकहने हे फार पूर्वी ओळखले आहे. आकाश निरभ्र असेल तर चांदासाठी एकदोघांची साक्ष पुरत नाही, मोठ्या जमावाने तो पाहिलेला असावा लागतो. विदर्सचा युक्तिवाद दुसरा काय आहे? पुढे २००९ मध्ये जपानच्या कागुया यानाच्या छायाचित्रांवरून त्या विवराचे वय दहा लाख ते एक कोटी वर्षे असल्याचा अंदाज निघाला.

मग त्या माणसांनी पाहिले काय? विदर्सच्या मते, पृथ्वीच्याच वातावरणात फुटलेली एखादी उल्का नेमकी त्यांच्या आणि चंद्राच्या रेषेत आली असावी. आग खरी होती, ठिणग्या खऱ्या होत्या. खोटे फक्त एवढेच होते की, ते चंद्रावर घडले. डोळ्यांनी पाहिले ते आणि मनाने ताडले ते, या दोहोंतला सांधा त्यांना दिसला नाही. इब्नुल हैसम यांनी 'किताबुल मनाझिर'चा तिसरा भाग याच विषयाला, नजरेच्या चुकांना, वाहिलेला आहे.

आजही चंद्रावर दगड आदळतात. तेथे हवा नसल्याने ते वाटेत जळून जात नाहीत. १७ मार्च २०१३ रोजी सुमारे ४० किलोचा दगड आदळून क्षणभर चमक दिसली. नंतर चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने तेथे १८ मीटरचे नवे विवर टिपले. अशी चमक मोजताना नासाचे संशोधक एका दुर्बिणीवर विसंबत नाहीत. अवकाशातून आलेला एखादा कण कॅमेऱ्यावर आपटला तरी तशीच चमक उमटते. म्हणून दोन दुर्बिणींनी एकाच वेळी पाहिले तरच ती धरतात. आणि पहिली दुर्बीण चुकली म्हणून तिला कोणी झूठी म्हणत नाही.

आमच्या गावाने नेमके उलटे केले. साक्ष घेताना काहीच विचारले नाही. कोर किती उंचीवर होती, टोके कोणत्या दिशेला होती, आणखी कोणी पाहिली का? आणि साक्ष चुकल्यावर मात्र माणसाची नियत काढली. झूठ नियतीत असते, चूक नजरेत असते. चुकीची किंमत होती एक रोजा. गावाने ती एका माणसाच्या उभ्या आयुष्याने वसूल केली.

चाचांचीही चूक होतीच. "चांदासारखे काही दिसले" असे ते म्हणाले असते, तर शोध पुढे चालला असता. "मी पाहिले ते पाहिले" या वाक्याने दार बंद झाले. पण ते दार बाहेरूनही आम्हीच ओढून धरले होते. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. इतर मुले हसतील म्हणून चाचांबरोबर मशिदीत जायचे मी टाळू लागलो. ही माझी साक्ष आहे आणि तिच्यात नजरेची चूक नाही.

आज घराघरात चंद्रोदयाचे गणित हाताशी आहे. २०२३ साली आपले यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. तरीही दर चांदरातीला कोणाच्या तरी साक्षीवरून वाद होतात. रुयत की हिशेब, हे उलेमांनी ठरवावे. माझे मागणे लहान आहे. साक्ष कसून तपासा, आणि ती चुकली तर साक्षीदाराला सफमध्ये त्याची जागा परत द्या. चाचांना ती कोणी दिली नाही.