लेखी द्या

ग्रामसभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांत जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तीच सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट उरत नाही. माणसं आली नाहीत म्हणून गावाचं काम अडू नये, हा त्यामागचा हिशोब. तो गैर आहे असं मी म्हणणार नाही. पण गावोगावचे पुष्कळसे ठराव या दुसऱ्या सभेत होतात, हे सभांना नियमाने बसणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. टेबलाभोवती आठ-दहा जण, चहा, आणि सह्यांची वही काखेत घेऊन घरोघर फिरणारा शिपाई. सही पहिल्या सभेची की दुसऱ्या, हे सही करणाराही विचारत नाही.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात बचत गटांच्या कामाने काही वर्षं माझं जाणं-येणं होतं. त्या निमित्ताने सभा पाहिल्या. बऱ्याचशा मागच्या भिंतीला टेकून, कारण बाहेरच्या माणसाची जागा तीच. पाहता पाहता एक मत बनत गेलं. सभेत बोलायला मिळणं आणि आपलं म्हणणं कारभारात शिरणं, या दोहोंत बरंच अंतर आहे. बोलायला मिळणं कायद्याने साधता येतं, आणि बऱ्याच अंशी साधलंही आहे. 73वी घटनादुरुस्ती 1993 साली अमलात आली, बायकांसाठी आधी एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा राखीव झाल्या, वर्षाला किमान 4 ग्रामसभा आणि त्या आधी बायकांची वेगळी सभा घेणं बंधनकारक झालं. पुढचं अंतर मात्र सभेच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत कापावं लागतं. तिथे एकट्यादुकट्याचा निभाव लागत नाही.

एका गावातली गोष्ट सांगते. गावाचं नाव नको. ओढ्याच्या अलीकडे गावठाण, पलीकडे वस्त्या. गावठाणातल्या एका गटाच्या बायका महिला ग्रामसभेला जायच्या, म्हणजे अंगणवाडीच्या ओट्यावर बसून सही करून यायच्या. एका प्रशिक्षणात त्यांच्या कानावर पडलं की ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी. त्यांनी पुढच्या ग्रामसभेत विचारलं. विचारणारी बाई उभी राहिली तेव्हा पदर सावरण्यातच तिचा अर्धा वेळ गेला, पण विचारलं स्वच्छ: “आमच्या दहा टक्क्यांचं काय झालं?” सभेत थोडी खसखस पिकली. ग्रामसेवकाने, गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतं, अदबीने सांगितलं, “घेतो नोंद, ताई.” सरपंचांनी मान डोलावली. बायका खुशीत घरी गेल्या.

पुढच्या सभेत विषय क्रमांक 1, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. भाऊसाहेबांनी भराभर वाचलं. रस्ता, गटार, दिवाबत्ती, घरकुलाची यादी. दहा टक्क्यांचा उल्लेख नव्हता. इथे बहुतेक गावांत गोष्ट संपते. वाचलेलं कुणी ऐकत नसतं, “कायम, कायम” असे दोन-तीन आवाज येतात आणि सभा पुढे सरकते. या सभेत गटाची लेखनिक बसली होती. बारावीपर्यंत शिकलेली, दोन लेकरांची आई, सभेत तोवर चकार शब्द न काढलेली. ती म्हणाली, “भाऊसाहेब, आमचा विषय राहिलाय. कायम करू नका.”

तिला हे कुठून सुचलं? मी नंतर विचारलं तेव्हा तिलाच प्रश्नाचं नवल वाटलं. गटाच्या बैठकीत ती दर महिन्याला हेच करत होती. आधीच्या बैठकीचं वाचायचं, चुकलं असेल ते दुरुस्त करायचं, मग सह्या, मग वर्गणी, मग कर्जाचे हप्ते. कुणी किती भरले आणि कुणाचे थकले, यावरून दहा बायकांच्या गटातही कडाक्याची भांडणं होतात, आणि ती मिटतात फक्त वहीपाशी. महिन्याला शंभर रुपये वाचवता वाचवता या बायका सभाशास्त्र शिकून बसल्या होत्या, आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बचत गटांवर इतकं लिहिलं गेलं आहे, पापड-लोणच्यांपासून बँकेच्या पतपुरवठ्यापर्यंत. मला तरी त्यांचं सर्वांत मोठं उत्पादन ही सूचक, अनुमोदक, नोंद आणि दुरुस्तीची सवय वाटते.

“ऐनवेळच्या विषयांत घेऊ,” असं उत्तर आलं. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय, हे प्रत्येक विषयपत्रिकेचं शेवटचं कलम. तिथवर सभा पोचते तेव्हा निम्मी माणसं उठून गेलेली असतात. त्या सभेतही तसंच झालं. मग पुढच्या सभेची नोटीस निघायच्या आधी गटाने अर्ज लिहिला, दोन प्रतींत. एक प्रत कार्यालयात दिली, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. पोच द्यायला टाळाटाळ झाली, लेखनिक बाई बाकावर बसून राहिल्या. विषय पत्रिकेवर आला, तोही महिला ग्रामसभेचा ठराव म्हणून. पैसे होते, मागची दोन वर्षं ते खर्चीच पडले नव्हते. त्यातून काय झालं हे तसं किरकोळ आहे: अंगणवाडीला पाण्याची टाकी, मुलींच्या शाळेत स्वच्छतागृहाची दुरुस्ती. गावाला कळलं ते वेगळंच. यापुढे इतिवृत्त जरा सावकाश वाचावं लागणार होतं.

आता केंद्र सरकारने सभेच्या ध्वनिमुद्रणावरून आपोआप इतिवृत्त तयार करणारी ‘सभासार’ नावाची प्रणाली आणली आहे, 2025 च्या ऑगस्टपासून. चांगलं आहे. फक्त त्या यंत्राला ऐकायला सभा भरावी लागेल.

ग्रामसभेचा विषय निघाला की गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाचं नाव घेतलं जातंच. धानोरा तालुक्यातलं शंभरएक घरांचं गोंड गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर पोचली. घोषणेपेक्षा मला तिथला अभ्यास गट मोलाचा वाटतो. देवाजी तोफा आणि गावकरी, सोबतीला मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे मित्र, एखादा विषय घेऊन बसत, माहिती काढत, उलटसुलट बोलत. निर्णय तिथे घेत नसत. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. एक माणूस जरी नको म्हणाला तरी विषय पुढे ढकलायचा. घाईच्या माणसाला हे असह्य वाटेल. पण वनहक्क कायदा 2006 साली झाला आणि 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होतं, ते या आधीच्या वीस वर्षांच्या बसण्यामुळे. कायदा आला तेव्हा गाव तयार होतं. हक्क मिळूनही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखातं सोडेना. 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं, तेव्हा तो गुंता सुटला. कायदा, हक्काचा कागद आणि हातात आलेलं पावतीपुस्तक, यांच्यात प्रत्येक पायरीला वर्षं गेली.

दारूबंदीच्या मतदानात या आधीच्या तयारीचंच दुसरं टोक दिसतं. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की गुप्त मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आलेल्यांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या निम्मी. म्हणजे कामाला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, ऊसतोडीला गेलेली, यादीतून नाव न निघालेली मयत बाईसुद्धा उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. अशा वेळी गटाचं काम भाषणाचं उरत नाही. मतदारयादी घेऊन घरोघर जायचं, कोण कुठे आहे ते टिपायचं, आणि मतदानाच्या दिवशी गाडी ठरवायची.

शहरांची गोष्ट निराळी, आणि मला वाटतं, जास्त अवघड. 74व्या दुरुस्तीने 3 लाखांवर वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात या समितीवर स्वयंसेवी आणि वस्ती पातळीवरच्या संस्थांचे जास्तीत जास्त 3 सदस्य घेता येतात. त्यांना नेमणार कोण, तर नगरसेवक. ज्यांच्या कामावर नजर ठेवायची त्यांच्याच पसंतीने आत जायचं! क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या ग्रामसभेसारख्या सभेची, तरतूदही कागदावर आली. शहरातल्या कुणाला आपली क्षेत्रसभा कुठे भरते ते विचारून पाहावं. पुण्यात 2006 पासून नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायची सोय आहे. अर्ज भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा: पदपथ, बाक, दिवे, बसथांबा, 5 लाखांपर्यंतचं काम. सोय खरीच उपयोगी आहे. पण ती नागरिकाला एकेकटा धरते. शेजारच्या गल्लीला काय हवंय याच्याशी त्याची गाठ पडत नाही, त्यामुळे ‘आधी तुमचं, मग आमचं’ असं ठरवायची वेळच येत नाही. ते ठरवतं कार्यालय.

मुंबईत घाटकोपरच्या एका गल्लीतल्या रहिवाशांनी नव्वदीच्या दशकात कचऱ्याचा प्रश्न एकत्र हाती घेतला आणि त्यातून महापालिकेच्या परिसर व्यवस्थापनाच्या योजनेला आकार आला. अशा गटांचं म्हणणं वॉर्ड ऑफिसात ऐकलं जाऊ लागलं, ही मोठीच गोष्ट. पण त्या म्हणण्यात पुष्कळदा फेरीवाला हटवा हेही असतं. फेरीवाल्याचा गट त्या खोलीत नसतो. गट म्हणजे गाव किंवा गट म्हणजे मोहल्ला, असं आपण पटकन धरून चालतो. ज्यांना संध्याकाळी सहाला बैठकीला यायची उसंत असते, त्यांचा तो गट असतो.

माझ्या त्या गावात हे फार लवकर समोर आलं. इतिवृत्त दुरुस्त करायला लावणारा गट कामाचा आहे, हे पंचायतीने ओळखलं आणि पाणीपट्टी वसुलीचं काम कमिशनवर त्याच गटाला दिलं. वसुली वाढली. गटाच्या खात्यात पैसे आले, लेखनिक बाईंना कार्यालयात खुर्ची मिळाली, भाऊसाहेब त्यांना विचारून नोटीस लिहू लागले. मला यात काही वावगं दिसलं नाही. कष्टाने मिळवलेलं होतं. फक्त ग्रामसभेत या गटाचे प्रश्न कमी कमी होत गेले, आणि दहा टक्क्यांचा विषय पुढे दोन वर्षं कुणी काढला नाही.

ओढ्यापलीकडच्या वस्तीवर नळ होते, पाणी आठवड्यातून एकदा, तेही करंगळीएवढं. वसुलीला गेलेल्या बायकांना तिथल्या बायकांनी विचारलं, “पाणी न्हाई तर पट्टी कशाची?” हा प्रश्न पंचायतीला विचारा, असं उत्तर मिळालं. त्या वर्षीच्या 2 ऑक्टोबरच्या सभेला वस्तीवरच्या बायका आल्या, पंधरा-वीस जणी, मागे दाराशी बसल्या. त्यांचाही एक गट होता, मला त्याची खबर नव्हती. त्यांच्यातली एक उठली आणि पट्टी माफ करा किंवा पाणी सोडा, असं एका दमात बोलून मोकळी झाली. सरपंचांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं, भाऊसाहेबांनी शेजारच्या खुर्चीकडे.

“असं तोंडी न्हाई चालत,” खुर्चीतून लेखनिक बाई म्हणाल्या, आवाजात राग नव्हता. “लेखी द्या.”

“दिलाय की, गेल्या सोमवारी,” दाराशी उभी असलेली म्हणाली, आणि कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. “ही बघा पोच. अजेंड्यावर का न्हाई आला, त्येवढं सांगा.”