पाणी नदीचं, पीक मातीचं

पहाटे कारध्याच्या पुलाखालून वैनगंगा संथ वाहत असते. ती येते दूर सिवनीच्या डोंगरांतून. पण तिच्या काठावर पिकणारा धान मात्र इथल्या मातीचा असतो. पाणी नदीचं, पीक मातीचं. आवडता लेखक भेटणंही असंच असतं.

सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी कोल्हापुरात तुकोबांचे अभंग ऐकले आणि त्या शब्दांचा त्यांना ध्यास लागला. घरातून विरोध झाला. तरी त्यांनी तुकोबांनाच गुरू मानलं. कुणी म्हणेल, इतकं भारावलं की स्वतःचा आवाज हरवतो. शंका रास्त आहे. नुसती नक्कल केली, तर तो हरवतोच. पण बहिणाबाईंनी अभंगांतून स्वतःचीच जीवनकथा सांगितली. संसार आणि भक्ती यांच्या ओढाताणीत सापडलेल्या बाईचं ते मन होतं. ते तुकोबांकडून उसनं कसं मिळणार? तुकोबांकडून मिळाला तो ओलावा. उगवलं ते त्यांचं स्वतःचं.

म्हणून मित्रहो, आवडत्या लेखकाची नुसती पूजा नको. त्याचे शब्द आपल्या वागण्यात मुरू द्या. मग जे उगवेल, ते आपलं असेल. पाणी नदीचं, पीक मातीचं.