बियाणे एक, कारभारी दहा

भाताच्या बारा गुणसूत्रांचा संपूर्ण आराखडा वाचून काढण्याचे ठरले १९९७ मध्ये, सिंगापूरच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत. पुढच्याच वर्षी जपानमधल्या त्सुकुबा येथे त्या कामाचे नियम लिहून झाले. बहुतेक मजकूर तेव्हा वाचायचाच होता. कोणाच्या हाती काय लागणार, कोणाचे नाव होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. अशा वेळी नियम ठरले, हे मला त्या प्रकल्पाच्या यशाइतकेच मोलाचे वाटते.

या प्रकल्पात कोणी कोणाचा साहेब नव्हता. प्रत्येक देश आपल्या तिजोरीतून पैसा घालणार आणि आपल्याच प्रयोगशाळेत काम करणार. जपानचे ताकुजी सासाकी पुढाकार घेत होते, पण अमेरिकेतल्या वा चीनमधल्या शास्त्रज्ञाला हुकूम सोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मग दहा जणांचा हा गाडा चालला कशावर? मोजक्या, पण कडक अटींवर. सगळ्यांनी 'निप्पोनबारे' हे एकच वाण वाचायचे. डीएनएच्या दहा हजार अक्षरांत एकापेक्षा जास्त चूक चालणार नाही. आणि वाचलेला भाग दडवून न ठेवता वेळच्या वेळी सार्वजनिक माहितीपेढीत टाकायचा. गुणसूत्रांची वाटणी झाली ती एखाद्या घरातल्या शेतीच्या वाटणीसारखी, बांध आधी घालून. भारत २०००मध्ये सामील झाला आणि अकराव्या गुणसूत्राचा एक भाग दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर व भारतीय कृषी संशोधन संस्थेतील वनस्पती जैवतंत्रज्ञान केंद्र यांच्याकडे आला. त्याच गुणसूत्राचा दुसरा भाग अमेरिकेकडे होता. तरी बांधावरून तंटा झाला नाही.

या अटींची खरी परीक्षा बाहेरून आली. मोन्सॅन्टो कंपनीने २०००मध्ये आपल्याकडचा कच्चा आराखडा या प्रकल्पाला देऊ केला. सिंजेन्टाने मात्र २००२मध्ये 'सायन्स' नियतकालिकात शोधनिबंध छापला तो मूळ माहिती सार्वजनिक पेढीत न ठेवता, आणि नियतकालिकाने तशी सवलतही दिली. जगभरच्या शास्त्रज्ञांनी जाहीर निषेध केला. पुढे सिंजेन्टानेही आपली माहिती प्रकल्पासाठी खुली केली. ऑगस्ट २००५मध्ये 'नेचर'मध्ये पूर्ण आराखडा आला: ३८ कोटी ९० लाख अक्षरांच्या जीनोमचा सुमारे ९५ टक्के भाग आणि ३७,५४४ जनुके. आज कोणत्याही देशातला विद्यार्थी तो फुकट उघडून पाहू शकतो. ही मोकळीक १९९८च्या त्या नियमांतून आली आहे. माहिती हाती आल्यावर नियम करायला बसले असते, तर प्रत्येकाने आपल्या फायद्याचाच नियम सुचवला असता.

म्हणून संयुक्त संशोधनाच्या सुकाणू समितीवर आणि सल्लागार मंडळावर किती मोठी नावे आहेत, यापेक्षा मी तीन गोष्टी आधी पाहतो. नियम काम सुरू होण्यापूर्वी लिहिले गेले का? सल्ला देणारा स्वतः त्या निधीचा लाभार्थी आहे का? आणि त्याने दिलेला सल्ला मानला नाही, तर तो का मानला नाही हे लेखी द्यावे लागते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर ते मंडळ कागदावरच राहते. वर्षातून एकदा जमायचे, सादरीकरण पाहायचे, समाधान नोंदवायचे. भल्या माणसांच्या हातूनही असे होते, कारण त्यांना विरोध नोंदवायची जागाच ठेवलेली नसते.

आपल्याकडे अशी जागा बांधण्याचे एक जुने, कमी कौतुक झालेले उदाहरण आहे. अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्प १९६५पासून हैदराबादहून चालतो. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात खरिपाच्या तोंडावर बियाण्याची पाकिटे येतात, त्यांवर वाणाचे नाव नसते, नुसता सांकेतिक क्रमांक असतो. बी कोणत्या राज्याचे, कोणत्या पैदासकाराचे, हे लावणी करणाऱ्याला कळत नाही. शेजारच्या वाफ्यात तुल्य वाण उभे असते, त्याच्याशी तुलना होते, आकडे हैदराबादला जातात आणि मग वार्षिक बैठकीत कोणते वाण पुढच्या चाचणीत जाईल ते ठरते. पैदासकाराची ज्येष्ठता त्या पाकिटावर लिहिता येत नाही, हीच या रचनेची ताकद. उत्तम कारभार असा असावा, की माणसांच्या सचोटीवर फार भार पडू नये.

तुरीच्या जीनोमच्या बाबतीत मात्र भातासारखे एकमत जमले नाही. 'आशा' म्हणजे आयसीपीएल ८७११९ हे वाण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला चांगले माहीत आहे. मर आणि वांझ रोगाला ते दाद देत नाही. २०११च्या अखेरीस आणि २०१२मध्ये या एकाच वाणाचा जीनोम दोन वेगवेगळ्या गटांनी प्रसिद्ध केला. एक गट इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेच्या पुढाकाराने जमलेला आंतरराष्ट्रीय, दुसरा भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांभोवती उभा राहिलेला. एकमेकांचे काम पडताळण्यासाठी दोनदा वाचायचे आधीच ठरवले असते, तर ते शास्त्राला धरून झाले असते. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या दोन गटांनी आधी एका टेबलाशी बसायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या गटाची ताकद दुसऱ्या वाणाकडे वळवता आली असती.

कोणत्या वाणाकडे, हे कोण सांगणार? 'आशा' तयार व्हायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात. हलक्या जमिनीत ऑक्टोबरमध्ये पाऊस संपला, की फुलोऱ्यातच ओल तुटते. ज्याची जमीन मुरमाड आहे, त्याला रोगप्रतिकाराइतकीच लवकर येणारी तूर हवी असते. हे सांगणारा माणूस जीनोम प्रकल्पांच्या सल्लागार मंडळावर क्वचितच दिसतो. तो असतो वाण तयार झाल्यावरच्या शिवारफेरीत, म्हणजे प्रश्न ठरून वर्षे लोटल्यावर.

हे बदलणे अशक्य नाही. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने २००१मध्येच प्राधिकरणावर शेतकरी संघटनेच्या प्रतिनिधीला जागा दिली. जे कायद्याने वाणाच्या हक्काबाबत मान्य केले, ते संशोधनाचा प्रश्न ठरवतानाही मान्य करायला काय हरकत आहे? शेतकऱ्याला जीनोमची अक्षरे कळणार नाहीत, हा आक्षेप मला पटत नाही. अक्षरे वाचणारे पुष्कळ आहेत. कोणत्या पिकाचा कोणता गुण आधी शोधायचा, हे ठरवायला जमीन आणि पाऊस कळावा लागतो.

संशोधन प्रस्ताव लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांना माझी विनंती आहे: पुढच्या प्रस्तावात सल्लागार मंडळाचे पान भरताना एक जागा कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ठेवा, त्याला प्रवासभत्ता आणि मत दोन्ही द्या, आणि त्याचा सल्ला नाकारलात तर कारण इतिवृत्तात मराठीत नोंदवा.