दोन थेंब निलगिरीचे

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेलूबाजारचं नाव रस्त्यावरच्या मोठ्या हिरव्या पाटीवर चढलं. वाशीम जिल्ह्यातलं हे बाजाराचं गाव. जुन्या रस्त्यावर गाडी इथे हमखास चहाला थांबायची. नव्या रस्त्यावर थांबायला कारण उरलं नाही. सिग्नल नाही, वळण नाही, समोर गुरं नाहीत. अशा सरळसोट रस्त्यावर डुलकी लागते, आणि डुलकीची चर्चा निघाली की ती हळूहळू रात्रीच्या झोपेपर्यंत मागे जाते. ड्रायव्हर रात्री झोपला होता का? झोपला होता. मग ती झोप होती का?

घोरणं म्हणजे गाढ झोप, हा आपल्याकडचा जुना समज. प्रत्यक्षात झोपेत घसा मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो, मेंदू दचकून जागा होतो आणि माणसाला सकाळी त्यातलं काही आठवत नाही. तासाला असे प्रकार तीसच्या वर गेले की आजार तीव्र समजतात. याचं नाव स्लीप ॲप्निया. बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले तेव्हा मृत्यूच्या कारणात हे नाव आलं आणि बऱ्याच घरांनी ते पहिल्यांदा ऐकलं. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी अंदाज मांडला, की भारतात काम करत्या वयाच्या सुमारे १० कोटी ४० लाख लोकांना हा त्रास असावा.

त्यावरचा उपाय दिसायला अगदीच गमतीचा आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा हलका दाब देऊन घसा रात्रभर उघडा ठेवून दाखवला; १९८१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. सुरुवातीची यंत्रं व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालत. आजचं सीपॅप यंत्र डब्याएवढं असतं आणि उशाशी गुपचूप पडून राहतं. त्यातून एक नळी निघते, नळीच्या टोकाला सिलिकॉनचा मास्क, आणि बाजूला पाण्याची छोटी टाकी, म्हणजे हवा कोरडी पडू नये.

भानगड सुरू होते ती या टाकीपाशी.

यंत्र नवं असतं तेव्हा हवेला प्लास्टिकचा वास येतो. नाक चोंदतं. मास्क लावला की नवऱ्याचा जीव घाबरतो, आणि शेजारी झोपलेली बायको म्हणते, “अवो, पाण्यात दोन थेंब निलगिरीचे टाकून पाहा बरं.” सल्ला वेडगळ मुळीच नाही. त्याच घरात सर्दी झाली की पातेल्यात निलगिरी टाकून वाफ घेतात, लेकराच्या छातीला ओव्याची पुरचुंडी शेकतात, डोकं दुखलं की बाम चोळतात. अमृतांजनची बाटली तर १८९३ पासून मुंबईत बनू लागली. सुवास म्हणजे औषध, सुवास म्हणजे स्वच्छता, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. मग यंत्राच्या पुस्तिकेत पाण्यात सुगंधी तेल घालू नका असं छापलेलं असतं, ते कंपनीचे वॉरंटीचे नखरे वाटतात.

फरक कळायला पातेलं आणि नळी शेजारी ठेवून पाहावी. वाफ घेताना टॉवेल डोक्यावर असतो, वेळ पाच-सात मिनिटांची असते, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं की माणूस टॉवेल फेकून देतो. सीपॅपचा मास्क पट्ट्यांनी बांधलेला असतो. झोपेत माणूस मिनिटाला पाच-सहा लिटर हवा घेतो. सात तासांत दोन हजार लिटरच्या वर. ती सगळी त्या टाकीतल्या कोमट पाण्यावरून जाते. तेल पाण्यात विरघळत नाही. निलगिरी वर तरंगते, लवंगेचं तेल जड म्हणून तळाशी बसतं, आणि टाकीच्या कडेला इंद्रधनुषी तवंग चिकटतो. काही तेलांनी प्लास्टिक धुरकट होतं, त्याला बारीक चरे जातात. वास सिलिकॉनमध्ये एकदा शिरला की धुऊनही दिवसचे दिवस जात नाही, आणि नको झाला तरी त्यातूनच श्वास घ्यावा लागतो.

वैशेषिक दर्शनाने गंध हा पृथ्वीचा गुण मानला. वाऱ्याला किंवा पाण्याला वास आला तर त्यात पृथ्वीचे कण मिसळलेत असं समजावं, असा त्यांचा युक्तिवाद. आजच्या रसायनशास्त्रात पंचमहाभूतांना जागा नाही, पण ही एक गोष्ट त्या तर्कशास्त्र्यांनी नेमकी पकडली होती. सुवासिक हवा म्हणजे आणखी चांगली हवा नव्हे, काहीतरी मिसळलेली हवा. मोगऱ्याचा गजरा दोन हातांवर असतो म्हणून तो मोगरा; तोच नाकात कोंबला तर कोणाला आवडेल? सुगंधाची निम्मी मजा अंतरात आहे, आणि सीपॅपचा मास्क नेमकं तेच अंतर काढून टाकतो.

टाकीत काही घालण्याचा सर्वांत भयानक धडा दक्षिण कोरियाने घेतला. तिथे घरातल्या ह्युमिडिफायरच्या पाण्यात जंतू होऊ नयेत म्हणून घालायची रसायनं १९९४ पासून दुकानात मिळत होती. कापड पुसायला, गालिचा धुवायला जे चालतं ते पाण्यातही चालेल, असा हिशेब. २०११ मध्ये सोलच्या एका रुग्णालयात फुप्फुसं निकामी झालेल्या तरुण गरोदर बायका एकापाठोपाठ येऊ लागल्या तेव्हा शोध लागला. शेकडो माणसं गेली होती. सीपॅपची टाकी ह्युमिडिफायरसारखं धुकं सोडत नाही आणि निलगिरी काही ते रसायन नव्हे. दाखला तंतोतंत जुळत नाही. पण कातडीला जे सोसतं ते फुप्फुसाला सोसेलच असं नाही, हे त्या देशाला फार महागात कळलं.

मग निलगिरीने नाक मोकळं होतं ते खोटं? वाटतं ते खरं, होतं ते वेगळं. ब्रिटनच्या कार्डिफमध्ये रॉन एकल्स यांनी मेंथॉलवर प्रयोग केले: वास घेतल्यावर लोकांना हवा भरभरून जातेय असं वाटलं, पण नाकातला अडथळा मोजला तर होता तेवढाच. मेंथॉल फक्त थंडाव्याच्या नसा चेतवतं. एप्रिल २०२१ मध्ये कापूर, लवंग, ओवा आणि निलगिरीच्या पुरचुंडीने ऑक्सिजन वाढतो असा मेसेज फोनाफोनी फिरला, तोही याच भासावर. स्लीप ॲप्नियात तर अडथळा नाकाच्या खूप मागे, घशात असतो. तिथे कापराचा काय उपयोग?

आणखी एक गोष्ट ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. अमेरिकेत कार्स्कॅडन आणि हर्झ या संशोधक बायकांनी २००४ साली झोपलेल्या लोकांना पेपरमिंटचा वास दिला, मग पिरिडीन नावाच्या घाणेरड्या रसायनाचा. गाढ झोपेतले लोक दोन्हींना ढिम्म राहिले. आवाजाने मात्र जागे झाले. म्हणजे झोपेसाठी टाकीत घातलेल्या लॅव्हेंडरच्या तेलाची मजा डोळा लागेपर्यंतच. पुढचे सहा तास ते तेल फुप्फुसात जात राहतं आणि नको म्हणायला नाक जागं नसतं. अमेरिकेत हवा आत घेणाऱ्या जाळीपाशी ठेवायच्या सुगंधी चकत्या विकतात. टाकीत तेल ओतण्यापेक्षा त्या बऱ्या, इतकंच. दमेकऱ्याने त्यांच्याही वाटेला जाऊ नये. नाकपुडीत व्हॅसलीन किंवा बाम लावून वर मास्क चढवणं तर त्याहून वाईट. तेलकट पदार्थ थोडाथोडा श्वासनलिकेत उतरत राहिला तर होणाऱ्या न्यूमोनियाला वैद्यकात वेगळं नाव आहे, लायपॉइड न्यूमोनिया.

निलगिरीवर एवढी चर्चा होते आणि खाटेखालच्या कॉइलकडे कोणी पाहत नाही, याचं नवल वाटतं. २००३ च्या एका अभ्यासात एक डासांची कॉइल जळून जेवढे बारीक कण सुटले, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. यंत्र स्वतःची हवा बनवत नाही, खोलीतलीच ओढतं, आणि मागची बोटभर जाळी धूळ अडवते, वास आणि वायू अडवत नाही. संध्याकाळची उदबत्ती, ऊद, कॉइल, सगळं मास्कमध्ये येतं. पावसाळ्यात वऱ्हाडात डास काही कमी नसतात. तिथे मच्छरदाणी लावावी आणि नळी तिच्या आत घ्यावी.

वास हवाच असेल तर झोपायच्या तासभर आधी खोलीत दरवळू द्यावा, मग खिडकी उघडावी. नाक चोंदत असेल तर मिठाच्या पाण्याने धुवावं, नाहीतर डॉक्टरांना विचारून टाकीचं तापमान वाढवावं. टाकीत डिस्टिल्ड पाणी घालावं. बोअरच्या पाण्याने तळाशी क्षारांचा पांढरा थर बसतो. आणि प्लास्टिकच्या वासाचं म्हणाल, तर मास्क आणि नळी साध्या, बिनवासाच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळत घालायची. दोरीवर कपड्यांच्या रांगेत ती नळी लोंबकळताना पाहून शेजारीण विचारते, हे काय हो? चार-पाच दिवसांत वास जातो.