टाकी गरम, नळ गार

जानेवारीत भिलाईची पहाट बोचते, आणि नेमकं त्याच महिन्यात आमच्या नेहरूनगरच्या जुन्या घरात सोलरचं पाणी कोमटही येईना. बघायला आलेल्या कारागिराने निकाल दिला, "साहब, अब इसमें दम नहीं रहा. पैनल बदल दो."

मी गच्चीवर जाऊन टाकीतून निघणाऱ्या पाइपला हात लावला. चटका बसला. मग एकेका न्हाणीघराचा थंड पाण्याचा कॉक बंद करत गेलो. पाहुण्यांच्या न्हाणीघरातला बंद केल्यावर बाकी सगळीकडे वाफाळतं पाणी आलं. तिथल्या मिक्सरचे दोन्ही नळ उघडे होते आणि पुढचा हँडशॉवर बंद. थंड पाण्याला पंपाचा जोर, त्यामुळे ते मिक्सरमधून गरम लाइनीत घुसत होतं.

नळ बंद केले, पण 'दम नहीं रहा' हे शब्द मनातून जाईनात, कारण ताकद गेली की काही आड आलं, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. विशिष्ट मणी जवळ असला तर अग्नी जाळत नाही, मणी उचलला की जाळतो, असा दाखला घेऊन शास्त्रकार भांडले. मीमांसक म्हणाले, अग्नी दोन्ही वेळी तोच आहे, तेव्हा त्याच्याहून वेगळी दाहशक्ती मानायला हवी. मणी ती नाहीशी करतो. सतराव्या शतकातल्या नैयायिक विश्वनाथांनी 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'त याचं खंडन केलं. मणी ठेवावा-उचलावा तितक्यांदा शक्ती मरते आणि पुन्हा जन्मते, असं मानण्यापेक्षा प्रतिबंधक नसणं हेच दाहाचं एक कारण माना.

जे नाही ते कारण कसं होईल, असं कुणीही विचारेल. नंतरच्या वैशेषिकांनी तर अभावाला सातवा पदार्थ म्हणून जागा दिली. अभावही कारण असतो हे मला पटलं ते पोथीच्या आधी, भिलाईच्या पोलाद कारखान्यात. आमच्या प्लांटची पहिली ब्लास्ट फर्नेस 1959 साली सुरू झाली. मी पुष्कळ नंतर तिथल्या स्टोव्हवर कामाला लागलो. स्टोव्हमध्ये गॅस जाळून चेकर विटा तापवायच्या आणि त्यांच्या भोकांतून वारा फुंकून भट्टीत सोडायचा. कधी ज्योत उत्तम असते, तरी वारा हवा तितका तापत नाही, कारण भोकांत धूळ बसलेली असते. तिथे 'गॅसची ताकद गेली' असं म्हणणाऱ्याला आम्ही ऐकून घेतलं नसतं.

आमच्या भजनी मंडळातले एक वयस्क गृहस्थ हल्ली म्हणतात, "नामात आता ऊब वाटत नाही. पांडुरंगाने हात काढून घेतला." मी त्यांना विचारलं, "काका, नात हरिपाठ म्हणते तेव्हा?" ते म्हणाले, "तेव्हा डोळे भरून येतात." मग भक्ती आटली कुठे? बोलता बोलता वर्ध्याच्या शेतीची वाटणी निघाली आणि धाकट्या भावाशी तुटलेलं बोलणं.

न्यायमताची एक अडचण मी मान्य करतो. प्रतिबंधक किती असू शकतात याची यादी कधीच पुरी होत नाही. एक काढला तरी दुसरा नाही कशावरून? भावाशी बोलल्यावरही काकांना ऊब मिळेलच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण देवाने हात काढून घेतला असं मानलं, तर माणसाच्या हाती करण्यासारखं काहीच उरत नाही, आणि ते मला मान्य नाही. काकांना मी भावाला फोन करायला सांगितलं, पण तो अजून झालेला नाही. येत्या शनिवारी मी त्यांना तो करायला पुन्हा सांगणार आहे.