पेशी आपल्या, दाम कोणाचा?

रक्ताच्या काही कर्करोगांवर आता ‘कार-टी’ उपचार होतो. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कर्कपेशी ओळखण्याची शक्ती देऊन, त्या पुन्हा त्याच्या शरीरात सोडतात. मुंबईत आयआयटी व टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्यातून घडलेल्या उपचाराला २०२३ साली मान्यता मिळाली. परदेशापेक्षा तो पुष्कळ स्वस्त आहे. तरीही खर्च लाखांत जातो.

पेशी रुग्णाच्या, मग दाम कशाचा? ज्ञानाचा आणि श्रमाचा. तो द्यायलाच हवा. पण हे ज्ञान जनतेच्या पैशातून आणि चाचणीस तयार झालेल्या रुग्णांच्या धैर्यातूनही आले आहे. मग भार एकट्या आजाऱ्याच्या घरावरच का? आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना त्याच्या बिलाची आठवण आपल्याला होते का?